अनोळखी माणसाला माझ्या मुलीचं घरातलं नाव कळलं

सुईदोरा | रविवार, रात्री ११:१०

मंडळी, गेली चार-पाच वर्षं इथे वाचनमात्र आहे. आज लिहिल्यावाचून राहवेना म्हणून धागा काढते आहे.

मी तालुक्याच्या गावी राहते, आरी वर्कचे ब्लाउज करते. २०१९ पासून इन्स्टाग्रामवर अकाउंट आहे, साधारण २३०० फॉलोअर आहेत. निम्म्याहून जास्त ऑर्डरी तिथूनच येतात. मुलगी नववीत आहे, १४ पूर्ण. भरतनाट्यमच्या क्लासला जाते. मंगळवारी क्लास सुटल्यावर एसटी स्टँडसमोरच्या रसवंतीपाशी ती माझी वाट बघत उभी होती. मला यायला दहा मिनिटं उशीर झाला. एक माणूस आला आणि म्हणाला, "काय गं ठकू, आज निळी ओढणी नाही?"

ठकू हे तिचं घरातलं नाव. शाळेत कुणाला माहीत नाही, क्लासमध्ये कुणी म्हणत नाही. ती काही न बोलता रसवंतीच्या आत जाऊन काकांच्या शेजारी उभी राहिली. माणूस निघून गेला. घरी येईपर्यंत ती गप्प होती. भाकरी टाकत होते तेव्हा मागून विचारलं, "आई, त्याला माझं नाव कुणी सांगितलं?"

त्या रात्री माझं अकाउंट उघडून बसले. "आमच्या ठकूने घातलेला हा मोरपंखी", "ठकूच्या अरंगेत्रमची तयारी", "ठकूचा वाढदिवस". मोजलं, ४१ वेळा. क्लासच्या इमारतीचं लोकेशनसुद्धा मीच टाकलेलं. नाव मीच सांगितलं होतं, सहा वर्षं, सगळ्या जगाला.

आता मला सगळं बंद करायचंय. पण प्रायव्हेटचं बटण माझ्या अकाउंटला चालतच नाही. जुने फॉलोअर आहेत त्यांचं काय होतं? आणि ऑर्डरी बंद पडल्या तर घर कसं चालवायचं? ज्यांना माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

पावसाळी | रविवार, रात्री ११:२५

आधी सांगा, लेक कशी आहे? बाकी सगळं दोन दिवसांनी केलं तरी चालेल. तिने रसवंतीच्या आत जाऊन उभं राहायचं ठरवलं, फार शहाणी पोर आहे. तिला तसं सांगा. आणि पुढचे काही दिवस क्लास सुटण्याआधीच तिथे हजर राहा.

पोलीस ठाण्यात निर्भया पथक असतं, तिथे जाऊन बोला. "काही झालं तर नाही ना" असं कुणी घरातलं म्हणालं तरी जा.

टेस्टर_दादा | सोमवार, सकाळी ७:५०

ताई, मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. अशी सेटिंग्ज तपासणं हेच माझं रोजचं काम, त्यामुळे जरा लांबण लावतो.

तुमचं अकाउंट बिझनेस प्रकारातलं आहे, म्हणून प्रायव्हेट होत नाही. बिझनेस अकाउंट हे सगळ्यांसाठी उघडंच राहतं. प्रायव्हेट करायचं तर आधी ते पर्सनल करावं लागतं. प्रोफाइलवर वरच्या कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघा, तिथून सेटिंग्ज, खाली 'अकाउंट टाइप अँड टूल्स', त्यात पर्सनलला परत जायचा पर्याय. मग त्याच सेटिंग्जमध्ये 'अकाउंट प्रायव्हसी' आणि त्यात प्रायव्हेटचं बटण. पर्सनल केलंत की कुठली पोस्ट किती जणांनी पाहिली वगैरे आकडेवारी जाते, तेवढं लक्षात ठेवा.

पण माझं मत विचाराल तर दुकानाचं अकाउंट बंद करू नका. दुकान रस्त्यावरच पाहिजे, फक्त दुकानातून घर बाहेर काढा. मुलगी ज्या-ज्या पोस्टमध्ये आहे त्या अर्काइव्ह करा. डिलीट नाही, अर्काइव्ह. फोटो तुमच्याकडे राहतो, लाइक-कमेंट राहतात, पण तो फक्त तुम्हाला दिसतो. एकेक करत बसू नका, 'युअर अ‍ॅक्टिव्हिटी'मध्ये जाऊन एका वेळी बऱ्याच पोस्ट निवडता येतात. हायलाइट्स वेगळे काढावे लागतात, ते बहुतेक जण विसरतात. स्टोरी २४ तासांनी गेली असं आपण समजतो, पण हायलाइटमध्ये ठेवलेली स्टोरी वर्षानुवर्षं प्रोफाइलच्या माथ्यावर बसलेली असते.

तुमचा फोन नंबरही बिझनेस प्रोफाइलवर बटणाच्या रूपात दिसत असेल. 'एडिट प्रोफाइल'मधून तो लपवता येतो. ऑर्डरीसाठी नंबर हवाच असेल तर दुसरं सिम घ्या.

आता तुमचा मुख्य प्रश्न, जुन्या फॉलोअरांचा. कुठलंही अकाउंट प्रायव्हेट केलं की नव्याने येणाऱ्याला परवानगी मागावी लागते. जे आधीच आत आहेत ते आतच राहतात. दाराला कडी लावली, पण घरात बसलेल्या माणसांना ती कडी कशी अडवणार? त्यांना तुम्हालाच एकेक करून बाहेर काढावं लागतं. फॉलोअरांच्या यादीत नावापुढे 'रिमूव्ह' असतं. काढल्याचं त्या माणसाला कळवलं जात नाही. क्रम मात्र चुकवू नका, आधी प्रायव्हेट आणि मग रिमूव्ह. उलट केलंत तर काढलेला माणूस दुसऱ्या मिनिटाला पुन्हा फॉलो करतो.

लेन्सवाला | सोमवार, सकाळी ९:३०

टेस्टर दादांच्या मताला अनुमोदन. मी लग्नांचे फोटो काढतो. आमच्यासारख्यांचं अकाउंट प्रायव्हेट झालं तर सिझन बुडाला म्हणून समजा. गिऱ्हाईक आधी काम बघतं, मग फोन करतं. 'फॉलो रिक्वेस्ट पाठवा, मग दाखवतो' म्हटलं तर तो पुढच्या दुकानात जातो.

पण ताई, तुमच्या लेकीच्या जागी माझी पुतणी डोळ्यांसमोर आली आणि मी माझीही जुनी पोस्ट-यादी काढली. हळदीच्या फोटोंत किती लहान मुली आहेत! त्यांच्या आईबापांना मी कधी विचारलंच नव्हतं. नवरा-नवरीने होकार दिला की सगळ्या मांडवाने दिला असं धरून चाललो होतो. ५८ फोटो काढून टाकले.

ब्लाउजसाठी एक सुचवतो. लाकडी धडावर चढवून खिडकीच्या उजेडात, पाठीमागून फोटो काढा. आरीचं बरंच काम पाठीवर असतं. चेहऱ्याची गरजच नाही. जरीवर उजेड तिरका पडू द्या, सकाळी नऊच्या आधीचा. मॉडेल लागलीच तर मोठ्या बाईचे हात, गळा, पाठ पुरे. लोकेशन गावाचं टाकू नका, जिल्ह्याचं टाका. कार्यक्रमाचे फोटो कार्यक्रम सुरू असताना कधीच नको, दोन दिवसांनी टाका.

वकिलीण | सोमवार, दुपारी २:०५

सुईदोरा, हे नीट वाचा आणि त्यानंतरच फोनला हात लावा. काहीही रिमूव्ह, ब्लॉक किंवा डिलीट करायच्या आधी स्क्रीनशॉट काढा. संशय आहे त्या अकाउंटचं प्रोफाइल, त्याचं नाव, त्याची लिंक, काही मेसेज असतील तर तारीख-वेळेसकट. लिंक वेगळी उतरवून ठेवा, कारण ही माणसं नाव बदलतात. टेस्टर दादांचा सल्ला बरोबर आहे, पण तक्रार करायची असेल तर तो दुसऱ्या पायरीवर येतो.

कायद्याचं थोडक्यात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ हे पाठलागाचं आहे. स्त्रीने नको असल्याचं स्पष्ट दाखवूनही पुन्हा पुन्हा तिच्या मागे जाऊन संपर्क साधणं त्यात येतं, तसंच ती इंटरनेटवर काय करते यावर पाळत ठेवणंही येतं. या संहितेत 'स्त्री' म्हणजे कुठल्याही वयाची. पहिल्या गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मुलगी १८ च्या आतली आहे म्हणून पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदाही लागू होऊ शकतो, ते हेतूवर ठरेल. दुसऱ्याच्या नावाने, फोटोने खोटं अकाउंट चालवून फसवलं असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६ सी आणि ६६ डी ही कलमं आहेत.

तक्रार पोलीस ठाण्यात करा. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवरही करता येते, तिथे महिला व मुलांसाठी स्वतंत्र विभाग आहे. १९३० हा क्रमांक पैशांच्या फसवणुकीचा, तुमच्या कामाचा नाही. मुलांसाठी १०९८, तातडीला ११२. हे शेवटचे दोन्ही आकडे लेकीच्या फोनमध्ये आजच घाला.

अजून एक. तुम्ही लिहिलंत "नाव मीच सांगितलं". लेकीचं कौतुक करणाऱ्या आईने काही गुन्हा केलेला नाही. गुन्हा त्याने केलाय. तक्रार लिहिताना त्यात तुमची चूक घालू नका.

निवृत्त मास्तर | सोमवार, सायंकाळी ६:४०

मी ६८ वर्षांचा, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. माझा अनुभव फेसबुकचा आहे, पण विषय तोच म्हणून लिहितो.

गेल्या वर्षी माझ्याच नावाचं, माझ्याच फोटोचं दुसरं अकाउंट कुणीतरी उघडलं. माझी मित्रयादी सगळ्यांना दिसत होती. त्याने ती यादी पाहून माझ्या विद्यार्थ्यांना विनंत्या पाठवल्या. "सर" म्हटल्यावर मुलांनी लगेच स्वीकारल्या. मग निरोप सुरू झाले, 'माझे एक मित्र सीआरपीएफमध्ये अधिकारी आहेत, त्यांची बदली झाली, फर्निचर स्वस्तात काढायचंय, ते तुला फोन करतील'. एका विद्यार्थ्याने १८ हजार भरले. तो आता सातारला वर्कशॉपात काम करतो. त्याला वाटलं, सर सांगतायत म्हणजे खरंच असणार. मी त्याचे पैसे देऊ केले, त्याने घेतले नाहीत. हे लिहितानासुद्धा मला त्रास होतो.

मला स्वतःला ते खोटं अकाउंट दिसतच नव्हतं, कारण त्याने आधी मलाच ब्लॉक केलेलं. शेवटी माझ्या ३० विद्यार्थ्यांनी एकाच दिवशी तक्रार केली तेव्हा ते गेलं.

नातवाने त्यानंतर प्रोफाइल लॉक करून दिलं. प्रोफाइलवर तीन ठिपके असतात, तिथे 'लॉक प्रोफाइल'. ही सोय फेसबुकने भारतात २०२० मध्ये आणली. लॉक केल्यावर अनोळखी माणसाला फोटो मोठा करून पाहता येत नाही, आणि पूर्वी 'सगळ्यांसाठी' टाकलेल्या पोस्टही मित्रांपुरत्या होतात. मित्रयादी कुणाला दिसावी याची सेटिंग मात्र नातवाने स्वतंत्रपणे 'फक्त मी' अशी केली. माझ्या वयाच्या सगळ्यांना हात जोडून सांगतो, एवढं तरी करून घ्या. आपल्या नावावरचा विश्वास वापरून लोक दुसऱ्याला लुटतात.

मांडवी | सोमवार, रात्री ९:१५

फोंड्याहून लिहिते. सुईदोरा, तुमच्या लेकीचं स्वतःचं अकाउंट आहे का? असेल तर त्यातली जन्मतारीख बघा.

इन्स्टाग्रामने फेब्रुवारी २०२५ पासून भारतात १८ च्या आतल्या मुलांसाठी 'टीन अकाउंट' सुरू केली. ती आपोआप प्रायव्हेट असतात, अनोळखी माणसाचे मेसेज येत नाहीत, रात्री १० ते सकाळी ७ सूचना बंद राहतात. १६ च्या आतल्यांना ही बंधनं सैल करायला पालकाची परवानगी लागते. मी निर्धास्त होते. मग कळलं, माझ्या मुलाने सहावीत असताना अकाउंट उघडलं तेव्हा १३ ची अट होती म्हणून जन्मसाल २००१ टाकलेलं. इन्स्टाग्रामच्या लेखी तो बाप्या माणूस! त्याला एकही बंधन लागू नव्हतं. 'अकाउंट्स सेंटर'मधल्या 'पर्सनल डिटेल्स'मध्ये तारीख असते. आम्ही दोघांनी एकत्र बसून ती खरी केली. तो जरा फुगून बसला दोन दिवस, पण झालं.

खिडकीजवळची | सोमवार, रात्री ११:३०

विषयाला धरून, पण जरा वेगळ्या अंगाने. माझं वय २९. इन्स्टा प्रायव्हेट, फेसबुक लॉक, व्हॉट्सअ‍ॅपचा डीपी फक्त काँटॅक्ट्सना, ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं तेही फक्त काँटॅक्ट्सपुरतं. आणि माझा बायोडेटा मात्र वधू-वर ग्रुपांवर फिरतोय. जन्मवेळ, जन्मठिकाण, नाडी-गण, पगार, राहता पत्ता, बाबांचा नंबर, मामाचं गाव, आणि तीन फोटो. आत्याने एका ग्रुपवर टाकला, तिथून तो किती ठिकाणी गेला देव जाणे. मागच्या महिन्यात कुणीतरी रात्री साडेअकराला फोन करून माझ्या उंचीबद्दल बोलत होता.

आता बाबांना पटवून नवा बायोडेटा केला. पत्त्याऐवजी फक्त शहर, पगाराचा आकडा नाही, जन्मवेळ नाही, फोटो नाही. पत्रिका आणि फोटो त्या घराशी एकदा बोलणं झाल्यावर द्यायचे. आत्या म्हणते, अशाने स्थळं येणार नाहीत. आली आहेत, दोन. जुना बायोडेटा मात्र परत बोलावता येत नाही.

डब्लिनकर | मंगळवार, पहाटे ३:२०

आमच्याकडे उलटा प्रश्न. आम्ही मुलीचा एकही फोटो कुठे टाकत नाही. फॅमिली ग्रुपवर पाठवतो आणि तिथून आजी तो स्टेटसला ठेवते. स्टेटस कुणाला दिसतो हे विचारलं तर 'आपलीच माणसं' असं उत्तर. त्यांच्या फोनमध्ये ६०० नंबर आहेत. गॅसवाला, प्लंबर, जुनं भाडेकरू कुटुंब, यात्रा कंपनी.

भांडण न होता सुटलं ते असं. गेल्या खेपेला घरी गेलो तेव्हा आईच्या शेजारी बसून 'ओन्ली शेअर विथ' ही यादी केली, तिच्याच तोंडून. तिने ३४ नावं सांगितली. सहाशेतली चौतीस! तिचं तिलाच नवल वाटलं. आता फोटो ठेवते, आनंदाने ठेवते.

सुईदोरा | बुधवार, रात्री १०:४५

सगळ्यांचे मनापासून आभार. वकिलीण ताई, तुमचा प्रतिसाद वेळेवर वाचला, नाहीतर मी रात्रीच सगळं पुसून मोकळी झाले असते.

एक गोष्ट मला रविवारी लक्षात आली नव्हती. माझ्या पोस्टमध्ये निळी ओढणी कुठेच नाही. ठकू हे नाव माझ्याकडून गेलं, लोकेशनही, पण ओढणी? लेकीला विचारलं. ती म्हणाली, "ती रील माझ्या अकाउंटवर आहे. पण आई, माझं तर प्रायव्हेट आहे!"

खरंच प्रायव्हेट होतं. वर्षभरापासून. ५१२ फॉलोअर.

आम्ही दोघी जमिनीवर सतरंजी टाकून बसलो. तिच्या हातात फोन, माझ्या हातात वही. एकेक नाव वर सरकवायचं आणि मी विचारायचं, "ही कोण?" शाळेतली, क्लासमधली, मावशीची मुलगी, मागच्या वर्षी शिबिरात भेटलेली. पहिली शंभरेक नावं भराभर गेली. मग तिचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. "ही... माहीत नाही. हा कुणाचा तरी भाऊ. ही पण माहीत नाही." पाचशे बारातली ओळखीची नावं निघाली १३७.

बाकीच्यांना का घेतलंस, असं रागावून नव्हे, खरंच जाणून घ्यायला विचारलं. तिने एक प्रोफाइल दाखवलं. मुलीचं नाव, कमळाचा फोटो, खाली लिहिलेलं 'नृत्य हाच श्वास'. एकही पोस्ट नाही. त्याच्याखाली क्लासमधल्या तीन मैत्रिणी फॉलो करत असल्याचं दिसत होतं. "त्या तिघींनी घेतलंय म्हटल्यावर ओळखीचीच असणार ना?" दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये त्या तिघींना विचारलं. पहिलीने दुसरीला बघून घेतलेलं, दुसरीने तिसरीला बघून, आणि तिसरीने नृत्य लिहिलंय म्हणून. त्या बाईला कुणीच ओळखत नाही. बाई आहे की नाही तेही माहीत नाही.

स्क्रीनशॉट काढले. टेस्टर दादा, त्या प्रोफाइलवर अजून काही बघता येतं का?

टेस्टर_दादा | बुधवार, रात्री ११:०५

येतं. त्या प्रोफाइलच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत 'अबाउट धिस अकाउंट' आहे का बघा. त्यात अकाउंट कधी उघडलं ते आणि बऱ्याचदा आधी किती वेळा नाव बदललं तेही दिसतं. त्याचाही स्क्रीनशॉट घ्या. पोलिसांना तो देऊन झाल्यावरच ब्लॉक. ब्लॉक करताना 'त्याची इतर आणि पुढची नवी अकाउंटही' असा पर्याय येतो, तो घ्या.

तुमच्या लेकीने जे सांगितलं ते मी उद्या माझ्या टीममध्ये वाचून दाखवणार आहे. आम्ही दिवसभर सेटिंग्जच तपासतो, पण प्रायव्हेट अकाउंटला आत यायचं दार बहुतेक वेळा असंच उघडतं, एकीने दुसरीकडे बघून. तिघींनाही ते अकाउंट काढायला सांगा, नाहीतर ते पुन्हा त्याच तीन नावांच्या जोरावर चौथीकडे जाईल.

अजून दोन जागा तपासा. एक, तिचं इन्स्टाग्राम कुणाच्या फेसबुकशी जोडलंय का. 'अकाउंट्स सेंटर'मध्ये आपोआप शेअर करायचा पर्याय चालू असेल तर प्रायव्हेट अकाउंटवरची स्टोरी फेसबुकवरही जाते, आणि तिथे ती कुणाला दिसेल हे फेसबुकची सेटिंग ठरवते. दोन, प्रोफाइल फोटो, नाव आणि खालची ओळ ही प्रायव्हेट असतानाही सगळ्यांना दिसते. तिथे शाळेचं किंवा क्लासचं नाव असेल तर काढा. आणि ती सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या एखाद्या अकाउंटवर कमेंट करते तेव्हा ती कमेंट कुणालाही वाचता येते, हे तिला सांगून ठेवा.

लेन्सवाला | गुरुवार, सकाळी ८:१५

दादा, फेसबुकचं वाचून तपासलं, आमच्या घरात दोघांचं जोडलेलं निघालं. बंद केलं. धन्यवाद.

पावसाळी | गुरुवार, दुपारी १:३०

त्या तिन्ही मुलींच्या आयांशीही बोला, पण मुली समोर नसताना. एखाद्या घरात पहिलं काम फोन काढून घ्यायचं होतं, मग पुढच्या वेळी काही झालं तर पोर सांगतच नाही. तुमच्या लेकीने तुम्हाला विचारलं, कारण तिला खात्री होती की तुम्ही ऐकाल.

सुईदोरा | रविवार, रात्री ९:५०

शेवटचं सांगून थांबते, निदान आत्तापुरतं.

पोलिसांनी तक्रार घेतली. तिथल्या महिला हवालदारांनी लेकीशी वेगळं बोलून घेतलं, अर्धा तास, शांतपणे. अकाउंटची लिंक, स्क्रीनशॉट, उघडल्याचा महिना सगळं दिलं. स्टँडवरचा माणूस आणि हे अकाउंट एकच का, ते अजून ठरलेलं नाही. चौकशी सुरू आहे. रसवंतीच्या काकांनी त्याचं वर्णन दिलं, आणि स्वतःहून म्हणाले, "पोरीला म्हणावं, वाट बघायची तर आतल्या बाकड्यावर बस."

माझ्या अकाउंटवरून ३९६ पोस्ट अर्काइव्ह केल्या. दोन रात्री लागल्या. बिझनेस प्रोफाइल तसंच ठेवलं. लेन्सवाला दादा, सुताराकडून आंब्याच्या लाकडाचं धड करून घेतलं, परवा त्यावर पहिला ब्लाउज चढवला, गर्द जांभळा, पाठीवर कोयऱ्या. चार ऑर्डरी आल्या. नेहमी आठवड्याला सहा-सात येतात, त्यामुळे फरक पडलाय हे खरं, पण चालेल.

लेकीच्या अकाउंटवर आता १३१ जण आहेत. १३७ मधले सहा तिने स्वतः आणखी काढले, कारण विचारलं नाही. जन्मसाल तिने २००४ टाकलेलं होतं, मांडवी ताई, ते बदललं. ठकू या नावाचं काय करायचं ते मी तिलाच विचारलं. ती म्हणाली, घरात म्हण, पण लिहू नकोस.

अर्काइव्ह करताना मला आणखी एक सापडलं. माझ्या धाकट्या भावाच्या लग्नातले तिचे सात फोटो त्याच्या अकाउंटवर आहेत, नऊवारीतले, खाली 'आमची ठकू' असं लिहिलेलं, आणि त्याचं अकाउंट सगळ्यांसाठी उघडं. त्याला उद्या सकाळी फोन करणार आहे. तो हळवा आहे, त्याला वाईट वाटू न देता कसं सांगू, ते कुणी सुचवलं तर बरं होईल.

डब्लिनकर | रविवार, रात्री १०:३०

फोनवर नको. त्याच्या घरी जा, लेकीला बरोबर घेऊन जा, आणि तिलाच सांगू द्या.